चीझचे तापमान : एक वादस्थळ

चीझ पानात वाढताना ते किती थंड वा किती उबदार असावे, या प्रश्नावर आपल्याकडे अलीकडे दोन पक्ष पडलेले दिसतात, आणि दोहोंचाही आत्मविश्वास त्यांच्या युक्तिवादाच्या मानाने बराच अधिक आहे. पहिला पक्ष म्हणतो की, चीझ हा नाशवंत दुग्धपदार्थ असल्यामुळे तो फ्रीजमधून काढताक्षणीच खावा. दुसरा पक्ष, जो युरोपचा प्रवास करून आलेला किंवा निदान तशा प्रवाशांच्या पंक्तीला बसलेला असतो, तो म्हणतो की, चीझ नेहमी खोलीच्या तापमानावरच खावे. माझे म्हणणे असे की, पहिला पक्ष सर्वथा चुकलेला आहे, आणि दुसरा आपल्या जन्मभूमीत बरोबर असूनही महाराष्ट्रात चुकलेला आहे.

प्रथम पहिल्या पक्षाचा समाचार घेऊ. चेडरसारख्या चीझमध्ये वजनाने सुमारे एक तृतीयांश स्निग्धांश असतो, आणि दुधातील हा स्निग्धांश म्हणजे एका विशिष्ट अंशावर वितळणारे एकजिनसी द्रव्य नसून, काही शून्याच्याही खाली वितळणारे तर काही देहाच्या उष्णतेपर्यंत घट्ट राहणारे, अशा अनेक घटकांचे मिश्रण आहे. ५ अंश सेल्सिअसवर त्यातील जवळजवळ निम्मा भाग गोठलेला असतो. २० अंशांवर हे प्रमाण एक पंचमांशाच्या आसपास उतरते. पौषातल्या पहाटे तुपाच्या बरणीत चमचा रुततो कसा आणि वैशाखात तेच तूप पळीने वाढावे लागते कसे, हे ज्या घराने पाहिले आहे त्याला यासाठी प्रयोगशाळेचा दाखला नको, कारण तुपातला आणि चीझमधला स्निग्धांश एकच. आता चीझच्या सुगंधाचा फार मोठा वाटा याच स्निग्धांशात विरघळून बसलेला असतो, आणि जिभेला खारट, आंबट, गोड, कडू अशी ठोकळ वर्दीच मिळत असताना, ज्याला आपण एखाद्या चीझची खास चव म्हणतो ती घशामागून नाकाकडे चढणाऱ्या बाष्पातून कळते. थंडीत ते बाष्प निघतच नाही. तुकडा दाताखाली मेणासारखा मोडतो, मिठाची जाणीव तेवढी होते आणि खाणारा म्हणतो, ‘यात विशेष ते काय?’ जिभेचीही गत वेगळी नाही : गोड, कडू आणि मांसरसासारखी चव यांचा संदेश पोचविणारी एक आयनवाहिनी १५ ते ३५ अंशांच्या दरम्यान ऊब वाढेल तशी अधिक जोमाने काम करते, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले आहे. म्हणजे फ्रीजमधून थेट पानात आलेल्या चीझवर पदार्थ आणि इंद्रिय अशा दोन्ही बाजूंनी अन्याय होतो.

या पक्षाचा उगम कोठे आहे, हेही पाहण्यासारखे आहे. आपल्यापैकी बहुतेकांची चीझशी पहिली ओळख डब्यातल्या किंवा चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या प्रक्रिया केलेल्या चीझशी झाली. ही युक्ती १९११ साली स्वित्झर्लंडमधील थुन या गावी वाल्टर गेर्बर आणि फ्रित्स श्टेटलर यांनी काढली, आणि १९१६ साली अमेरिकेत जेम्स क्राफ्ट याने आपल्या पद्धतीचे पेटंट मिळविले. मुरलेले चीझ बारीक करून, विशिष्ट क्षार घालून, उष्णता देऊन त्याचा एकजीव गोळा करावयाचा, जेणेकरून त्यातील जंतू मरतात, मुरणे कायमचे थांबते आणि माल समुद्रापार टिकतो. व्यापाराच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती, आणि सँडविचमध्ये मला तिचा मुळीच तिटकारा नाही. पण असा गोळा ४ अंशांवर खाल्ला काय आणि १८ अंशांवर खाल्ला काय, त्याच्याकडे गमावण्यासारखे फारसे काही नसते. त्याच्यावरून बनलेली सवय आपण कॅमांबेअर आणि ग्रुयेर यांच्यावर लादतो, ही खरी गफलत आहे.

याच पक्षातील काही चतुर वकील रोकफोरच्या गुहांचा पुरावा पुढे करतात. दक्षिण फ्रान्समधील कोंबालू डोंगराच्या पोटात, खडकातील नैसर्गिक भेगांतून वाहणाऱ्या थंड व ओलसर वाऱ्याच्या आश्रयाने, मेंढीच्या दुधाचे ते निळ्या बुरशीचे चीझ सुमारे १० अंशांवर मुरते. मग जेथे ते पोसले गेले त्याच तापमानावर ते खावे, असा त्यांचा तर्क. हा तर्क दिसायला देखणा आहे, पण मुरविणे आणि वाढणे ही दोन भिन्न प्रयोजने एकाच मापाने मोजण्याचा दोष त्यात आहे. गुहेत बुरशीने सावकाश काम करावे, सडण्याची घाई होऊ नये, यासाठी थंडी हवी असते. पानात मात्र त्या संथ श्रमाचे फळ मोकळे व्हावे, हा हेतू असतो.

राहिला आरोग्याचा मुद्दा, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परंतु त्यातही तारतम्य हवे. पार्मेजानोसारख्या, निदान बारा महिने मुरलेल्या कठीण चीझमध्ये पाणी कमी, मीठ पुरेसे आणि आम्लताही असल्यामुळे रोगजंतूंना तेथे फारसा थारा मिळत नाही. तास-दोन तास बाहेर राहिल्याने त्याचे काही बिघडत नाही. मऊ, पाणीदार चीझ अधिक जपावे, हे मान्य. पण फ्रीज म्हणजे अभयपत्र नव्हे : लिस्टेरिया हा जंतू फ्रीजच्या थंडीतही वाढतो, आणि १९८५ साली कॅलिफोर्नियात मऊ मेक्सिकन पद्धतीच्या चीझमुळे जी प्राणघातक साथ आली तिचे मूळ दुधाच्या पाश्चरीकरणातील हलगर्जीत होते, ताट किती वेळ मेजावर होते यात नव्हे. गर्भवती स्त्रियांनी कच्च्या दुधाचे मऊ चीझ कोणत्याही तापमानावर वर्ज्य करावे, हा सल्ला म्हणूनच अधिक शहाणपणाचा. नाशवंत पदार्थ बाहेर दोन तासांहून अधिक आणि ३२ अंशांवरच्या हवेत एका तासाहून अधिक ठेवू नयेत, हा अमेरिकी शेतीखात्याचा दंडक पाळूनही माझा पक्ष अबाधित राहतो.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. तो अधिक सुसंस्कृत आहे, सबब त्याची झाडाझडतीही अधिक बारकाईने झाली पाहिजे. ‘खोलीचे तापमान’ हा दंडक ज्या घरांत रूढ झाला, त्या फ्रान्स-इंग्लंडातील घरांना त्या काळी आजची मध्यवर्ती उष्णतायंत्रणा नव्हती, आणि वर्षाच्या बहुतेक महिन्यांत भोजनाच्या खोलीचा पारा २० अंशांच्या वर क्वचितच सरके. तेथे चीझ बाहेर काढून ठेवले आणि यजमान गप्पांत रंगला, तरी बिघडत काही नसे, कारण चीझ खोलीपेक्षा अधिक उबदार होऊच शकत नाही. खोली हीच त्याची हद्द. नियमाची सारी सुरक्षितता या न लिहिलेल्या कलमात होती. मे महिन्यातल्या नागपुरात हे कलम रद्दबातल आहे. न्यूटनच्या नियमाने ढोबळ हिशेब करू : ४ अंशांवरचा तुकडा १८ अंशांपर्यंत यायला २० अंशांच्या खोलीत एक तास लागत असेल, तर तोच तुकडा ३० अंशांच्या मुंबईकर खोलीत सुमारे २२ मिनिटांत आणि ३८ अंशांच्या खोलीत पंधराएक मिनिटांत तेथे पोचतो, आणि मुख्य म्हणजे तेथे थांबत नाही. पुढे चेडरच्या अंगाला तेल सुटते, निळ्या चीझचा तिखटपणा उग्र होतो, ब्रीचे पाणी होऊन ताटभर पसरते. युरोपचा नियम शब्दशः पाळून युरोपियन चीझची अशी दुर्दशा करणाऱ्या यजमानांची संख्या कमी नाही.

तेव्हा नियम खोलीवरून नव्हे, चीझवरून ठरला पाहिजे. चेडर, ग्रुयेर, पार्मेजानो यांसारख्या कठीण व मुरलेल्या चीझला १८ ते २० अंश. ब्री, कॅमांबेअर या पांढऱ्या बुरशीच्या मऊ चीझला आणि रोकफोर, स्टिल्टन या निळ्यांना त्याहून दोन अंश कमी. बकरीचे ताजे चीझ व सायीचे चीझ १२ अंशांच्या आसपासही गोड लागते, कारण त्यांचे वैभव ताज्या आंबटपणात आहे, मुरल्या गंधात नाही. इटलीतील कंपानियाचे लोक म्हशीच्या दुधाचा ताजा मोत्झारेल्ला फ्रीजबाहेरच, त्याच्याच पाण्यात ठेवतात, पण तो खायला दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाहीत, हे आपल्याकडच्या अनुकरणकर्त्यांनी विसरू नये. फोंड्यू आणि राक्लेट यांचे खाते वेगळे. ती शिजविलेली पक्वान्ने आहेत.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच की, लागेल तेवढाच तुकडा कापून बाकीचा लगेच आत ठेवावा, कारण वारंवार उबवून वारंवार गारठविलेले चीझ कोरडेही पडते आणि शिळेही. बाहेर काढलेला तुकडा कागदातच गुंडाळलेला राहू द्यावा. श्रावणातल्या कोकण-मुंबईच्या दमट हवेत उघड्या थंड चीझवर दवासारखे पाणी जमते आणि साल बुळबुळीत होते. पुण्याच्या माघात पाऊण-एक तास, मुंबईत वीस-पंचवीस मिनिटे, विदर्भाच्या उन्हाळ्यात दहा-पंधरा मिनिटे, आणि मग ताबडतोब पंगत. ज्याला वातानुकूलित खोली उपलब्ध आहे त्याने ती २० अंशांवर लावून युरोपच्या नियमाचा निर्धास्त लाभ घ्यावा. त्याच्याशी माझे भांडण नाही.

शेवटी ‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणून हा वाद तहकूब करू पाहणारे लोक उरतात. आवडीला मुभा असावीच. पण ज्याने दोन्हींची चव घेतली आहे त्याची आवड ही आवड, आणि ज्याने एकाचीच घेतली आहे त्याची केवळ सवय. म्हणून ज्यांना माझे म्हणणे पटत नसेल त्यांनी जुन्या चेडरचा एक तुकडा आणावा, त्याचे दोन भाग करावेत, एक फ्रीजमध्ये राहू द्यावा, दुसरा स्वयंपाकघरातील साधा तापमापक १८ अंश दाखवीपर्यंत बाहेर ठेवावा, आणि कोणता कोणता आहे हे न सांगता घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हातून दोन्ही खाऊन पाहावेत. आणि मगच वादाला उभे राहावे.