भोपळ्याचा पाय

"भोपळ्याला पाय कधीं फुटले?" असें हें शीर्षक पाहून आमचे बालवाचक विचारतील. हा पाय चालण्याचा नव्हे, खाण्याचा आहे. मैद्याच्या पारींत सारण घालून भट्टींत भाजलेल्या पक्वान्नास अमेरिकेंत 'पाय' म्हणतात. तांबडा भोपळा शिजवून गाळून घ्यावा, त्यांत दूध, अंडीं, साखर अथवा काकवी, दालचिनी, सुंठ व जायफळ मिसळावें, आणि तें पारीवर ओतून भाजावें. वर झांकण नको. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारीं, उपकारस्तुतीच्या सणास, हा पाय नसला तर तेथील पुष्कळ घरांत जेवण अपुरें समजतात.

संयुक्त संस्थानांच्या ईशान्येस न्यू इंग्लंड प्रांत आहे. त्यास या पायाचा विशेष अभिमान. तो आम्हांस आवडतो. त्या प्रांतांतील लेखिका सेरा जोसेफा हेल हिनें १८२७ सालच्या आपल्या 'नॉर्थवुड' कादंबरींत सणाच्या पंक्तीमध्यें या पायास मानाचें स्थान दिलें. पुढें हा सण सर्व राष्ट्राचा व्हावा म्हणून तिनें वर्षानुवर्षें पत्रें लिहिलीं, व १८६३ सालीं अध्यक्ष लिंकन यांनीं तसा जाहीरनामा काढिला. दक्षिणेकडील पुष्कळांस मात्र हा सण उत्तरेचा वाटे. त्यांच्या पानांत रताळ्याचा पाय राहिला.

परंतु 'हें सर्वस्वीं आमचें' असें कोणी म्हणूं लागल्यास आम्ही त्यास अडवूं. भोपळा त्या खंडाच्या मूळ रहिवाशांनीं हजारों वर्षें पिकविलेला; पारी इंग्लंडची; दालचिनी व जायफळ पूर्वेकडील बेटांचें. आणि काकवी? अठराव्या शतकांत ती वेस्ट इंडीज बेटांतून येई, व तेथील उंसाच्या मळ्यांत आफ्रिकेंतून धरून आणलेले गुलाम राबत. उपकार आठवण्याच्या दिवशीं त्या हातांची आठवण किती घरीं झाली असेल? मुलांस या पक्वान्नाची कथा सांगावयाची तर हा कडू घास वगळूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हल्लीं पुष्कळ गृहिणी डब्यांतला शिजविलेला भोपळा वापरतात. म्हणून पाय घरचा नव्हे, असें आम्ही म्हणणार नाहीं; मसाला घालणारा हात घरचाच असतो.

तोच भोपळा कोलंबसानंतर समुद्रमार्गें आमच्याकडे आला, व गुळाशीं त्याची गांठ पडून घारगे झाले. आमच्या आजीस हें सांगून पाहिलें. भोपळा पूर्वापार आपलाच, असें ती निक्षून म्हणाली. आणि तिच्या हातचा घारगा तोंडांत असतां वाद घालण्याची आमची छाती झाली नाहीं.