सत्कारानंतरचा सोमवार

परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झालं ते 3 डिसेंबर 2020 रोजी. राज्यातल्या प्राथमिक शाळांना तेव्हा कुलूप होतं. आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातल्या एका लहानशा शाळेच्या शिक्षकाचं नाव लंडनहून ऑनलाइन पुकारलं गेलं, आणि दहा लाख डॉलरच्या त्या पुरस्कारातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. त्यानंतरचे सत्कार, बॅनर, मिरवणुका आपण सगळ्यांनी पाहिल्या. आपल्यापैकी काही जण त्या व्यासपीठांवर मागच्या रांगेत बसलेलेही होते.

शिक्षक म्हणून आपल्याला जास्त विचार करायला लावणारी गोष्ट मात्र पुढची आहे. डिसले यांची फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठी निवड झाली, आणि जानेवारी 2022 मध्ये त्यांच्या रजेचा प्रश्न जिल्हा परिषदेतून थेट मंत्रालयापर्यंत गेला. तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी लक्ष घातलं तेव्हा रजेचा मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षी जुलैत डिसले यांनी नोकरीचा राजीनामा दिला. प्रतिनियुक्ती, हजेरी, चौकशी यांवरून दोन्ही बाजूंनी भरपूर बोललं गेलं. त्याचा निवाडा करायला हे पान नाही. आम्हाला खटकलं ते वेगळंच. त्या सगळ्या गदारोळात हा माणूस तिकडे जाऊन नेमकं काय शिकणार आहे, आणि आल्यावर ते आपल्या जिल्ह्याला कसं मिळणार आहे, हे दोन प्रश्न कोणी विचारल्याचं आम्हाला तरी आठवत नाही.

रजेचे प्रश्न फालतू होते, असं मात्र नाही. द्विशिक्षकी शाळेतले गुरुजी चार-पाच महिने गेले तर उरलेल्या बाईंनी पहिली ते चौथी एकटीने सांभाळायची, शिवाय पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरायची. त्यांना विचारा परदेशी शिष्यवृत्तीचं कौतुक! महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे. पण रिकाम्या वर्गाचं काय करायचं याचं उत्तर रजेच्या नियमांत कसं सापडणार? म्हणून मुख्याध्यापकांकडून निघालेला अर्ज केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी असा वर सरकत राहतो आणि प्रत्येक टेबलावर शेरा एकच पडतो: ‘पर्यायी व्यवस्था काय?’ अधिकारी आडमुठा असतोच असं नाही. त्याच्यापुढे खरोखरच व्यवस्था नसते.

गंमत अशी, की फुलब्राइटमागच्या, शिक्षकांच्या अदलाबदलीच्या मूळ कल्पनेत या प्रश्नाला उत्तर होतं. अमेरिकेत 1946 मध्ये सिनेटर फुलब्राइट यांच्या पुढाकाराने हा कार्यक्रम सुरू झाला. त्यातल्या जुन्या शिक्षक-विनिमयात दोन देशांतले शिक्षक एकमेकांच्या जागी जाऊन एकमेकांचे वर्ग घेत. इकडचा वर्ग रिकामा नाही, तिकडचाही नाही. तो प्रकार पुढे बंद पडला. आजच्या योजनांत शिक्षक जातो, पण त्याच्या जागी कोणी येत नाही. एक योजना माध्यमिक शिक्षकांसाठी सुमारे सहा आठवड्यांची आहे. दुसरी एका सत्राची. तिच्यात शिक्षक विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात बसतो, जवळच्या शाळांतले वर्ग पाहतो, तिथल्या शिक्षकांबरोबर शिकवतो आणि आपल्या शाळेतला एखादा प्रश्न घेऊन त्यावर प्रकल्प करतो. भारतातलं काम यूएसआयईएफ ही संस्था पाहते. भारत-अमेरिका करार 2 फेब्रुवारी 1950 चा आहे, आणि 2008 पासून भारत सरकारही खर्चात बरोबरीचा भागीदार आहे. म्हणजे हे अमेरिकेचं दान नाही, त्यात आपलाही पैसा आहे. ‘गेला तो तिकडचाच झाला’ ही शिक्षक-कक्षातली टवाळीही इथे लागू पडत नाही. फुलब्राइटवर गेलेल्याला दोन वर्षं मायदेशी राहिल्याशिवाय कायम वास्तव्य किंवा नोकरीचा व्हिसा मागता येत नाही.

करार झाल्यावर तीन वर्षांनी, 1953 मध्ये, याच वाटेने शिक्षणतज्ज्ञ चित्रा नाईक कोलंबिया विद्यापीठात ग्रामीण शिक्षणाचा अभ्यास करायला गेल्या. न्यूयॉर्कसारख्या शहरात जाऊन ग्रामीण शिक्षण शिकायचं, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण जे. पी. नाईक यांच्याबरोबर गारगोटीला उभं केलेलं काम त्यांच्या गाठीशी होतं. त्यामुळे तिथल्या कुठल्या कल्पनेला आपल्याकडे माती आहे आणि कुठलीला नाही, हे त्यांना पारखता येत होतं. पुढे प्रौढ आणि अनौपचारिक शिक्षणात त्यांनी महाराष्ट्रात जे केलं, त्यात कोलंबियाचा शिक्का शोधून सापडणार नाही. आम्हाला ती खूण चांगल्या शिक्षणाची वाटते.

आता परदेशी जाणं म्हणजे अभ्यासदौरा, असं समीकरण रूढ होत चाललं आहे. पंजाब सरकारने फेब्रुवारी 2023 मध्ये 36 प्राचार्यांची पहिली तुकडी सिंगापूरला पाठवली, 2024 मध्ये प्राथमिक शिक्षकांना फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात. दिल्लीत तर फिनलंडच्या प्रशिक्षणावरून नायब राज्यपाल आणि सरकार यांच्यात जाहीर भांडण जुंपलं. शिक्षकांवर सरकारने खर्च करावा, याचं स्वागतच आहे. आमची हरकत फक्त एवढीच, की दौऱ्यात नजरेला पडतं ते दाखवण्यासारखं असतं. वर्गाच्या भिंती, बसायची मांडणी, वाचनकोपरा, मुलांची शिस्त. ते सगळं मोबाइलच्या फोटोत मावतं. शिक्षक आदल्या दिवशी पाठाची तयारी कशी करतो, पाठ फसल्यावर कोणाशी बोलतो, मुलाच्या चुकीच्या उत्तरावर किती वेळ थांबतो, हे फोटोत कसं येणार?

याचा धडा घ्यायला सिंगापूरला जावं लागत नाही. शेजारचा सातारा पुरे. तिथल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना बरोबर घेऊन ज्ञानरचनावादी पद्धतीचं काम उभं केलं, आणि राज्यभरातून शिक्षकांच्या झुंडी ते पाहायला गेल्या. सोलापुरातूनही गाड्या भरून गेल्या. आपल्या राज्यात शिक्षकांनी शिक्षकांकडून शिकण्याचा एवढा मोठा प्रसंग अलीकडे दुसरा झाला नसावा. पण परतल्यावर झालं काय? अनेक गावांत पहिलं काम निघालं ते रंगाचे डबे आणून फरशी रंगवण्याचं. कुमठ्याची फरशी आली. मुलाला स्वतः उत्तरापर्यंत जाऊ द्यायचा धीर मात्र सगळीकडे आला नाही. रंग उडाल्यावर तर फरशीही राहिली नाही. ज्या शाळांत तो धीर आला, तिथले शिक्षक एकदा जाऊन थांबले नव्हते. ते पुन्हा गेले, तिथल्या बाईंना फोन करत राहिले, स्वतःचे पाठ त्यांना दाखवत राहिले.

क्यूआर कोडचंही थोडंफार असंच. डिसले यांच्या वर्गातून पुढे आलेली ती कल्पना राज्याने उचलली आणि 2017 पासून बालभारतीच्या पुस्तकांत चौकोनी कोड दिसू लागले. पुढे एनसीईआरटीनेही तोच मार्ग धरला. एका खेड्यातल्या शिक्षकाची युक्ती देशभरच्या पाठ्यपुस्तकात जाते, हे अभिमानाचंच. पण आपल्या वर्गातल्या मुलाला कुठे अडतंय हे पाहून त्याच्यासाठी ध्वनिफीत तयार करणारा शिक्षक त्या कोडमागे होता. कोड सगळ्यांना मिळाला. तो शिक्षक कसा मिळणार?

उलट उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. मॉन्टेसरी पद्धत आली इटलीहून. तिची साधनं महाग, घडीव, शहरी. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक 1945 मध्ये बोर्डीला गेल्या, पुढे 1957 मध्ये कोसबाडला. अनुताई वाघ बरोबर होत्या. तिथल्या वारली पाड्यांवर लाकडी मनोरे परवडणारे नव्हतेच. मग बिया, शंख-शिंपले, खडे, पानं ही साधनं झाली. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावर, अंगणात गेली. साधनं टाकली आणि तत्त्व ठेवलं. मूल हाताने शिकतं आणि त्याच्या गतीने शिकतं, एवढंच मॉन्टेसरीबाईंकडून घेतलं. पुढे 1975 मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली तेव्हा देशाच्या हाताशी अंगणवाडीची कल्पना तयार होती.

परदेशी वर्गात बराच काळ बसण्याचा सर्वांत मोठा फायदा बहुधा परदेशाविषयी नसतोच. अमेरिकेतल्या स्टिगलर आणि हीबर्ट या अभ्यासकांनी जर्मनी, जपान आणि अमेरिका इथल्या आठवीच्या गणिताच्या तासांची चित्रीकरणं ताडून पाहिली आणि 1999 मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं ते असं, की एका देशातले शिक्षक एकमेकांपासून फारसे वेगळे शिकवत नाहीत. फरक पडतो तो देशादेशांत. म्हणजे आपण ज्याला ‘माझी शिकवण्याची पद्धत’ म्हणतो ती पुष्कळदा आपल्या सगळ्यांची, नकळत अंगवळणी पडलेली असते. आधी फळ्यावर उदाहरण सोडवायचं, मग तसलीच पाच मुलांना द्यायची, हे आपल्याला इतकं स्वाभाविक वाटतं की त्याला पद्धत म्हणावं असंही सुचत नाही. जपानी शिक्षक आधी अवघड प्रश्न देतो आणि मुलांना धडपडू देतो, हे पाहिल्यावरच आपली सवय ही सवय म्हणून दिसते. आठ दिवसांत हे होत नाही. पहिले काही आठवडे तर नुसतं नवल वाटण्यात जातात.

आणि समजा झालं, तर? शिक्षक परत येतो. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, स्थानिक दैनिकात फोटो. सोमवारी तो शाळेत जातो आणि पुन्हा त्याच वर्गात, त्याच कामांत बुडतो. त्याने काय आणलं हे विचारायची कोणाची जबाबदारी नाही. जागा नाहीत म्हणावं, तर तसंही नाही. दर महिन्याला केंद्रस्तरीय शिक्षण परिषद होते. वेळापूरला आपली डायट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे. बारा आणि चोवीस वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ आणि निवड श्रेणीची प्रशिक्षणं सक्तीची आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वर्षाला 50 तास व्यावसायिक विकासाला द्यायला सांगितलं आहे. या तासांत आपण बहुतेकदा पडद्यावरच्या स्लाइड पाहतो आणि हजेरीपत्रकावर सही करतो. परतलेल्या शिक्षकाला त्यातले दहा तास द्या. त्याने भाषण करू नये. आपल्या केंद्रातल्या एखाद्या वर्गावर पाठ घ्यावा, इतरांनी मागे बसून मुलांकडे पाहावं, मग चर्चा व्हावी. पाठ फसला तर अधिकच चांगलं, बोलायला काहीतरी मिळेल.

जाण्याआधीचंही ठरवायला हवं. अर्ज करतानाच शिक्षकाने केंद्रातल्या सहकाऱ्यांना विचारून एक प्रश्न बरोबर न्यावा. बहुवर्ग अध्यापनात दुसरीच्या मुलांचं वाचन मागे का पडतं, असा, आपल्या मातीतला. प्रश्न सगळ्यांचा असेल तर त्याच्या माघारी वर्ग सांभाळणाऱ्या बाईंनाही या कामात वाटा असेल. आणि त्या बाईंसाठी जिल्हा परिषदेने त्या सत्रापुरता मानधनावरचा शिक्षक द्यावा. वर्षाला जिल्ह्यातून असे जाणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतील. त्यांच्यासाठी एवढी तजवीज करायला कोणता मोठा खर्च येणार आहे?

आणखी एक. अदलाबदल म्हटली की दोन बाजू आल्या. सोलापूरला परदेशी शिक्षणाची ओळख नवी नाही. अमेरिकन मराठी मिशनच्या बायकांनी इथे शाळा काढल्या, आणि ‘वोरोनोको’ हे मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावाचं नाव आपल्या शहरात शाळेचं नाव होऊन रुळलं. तेव्हा प्रवाह एका बाजूने होता. आज तिकडचा शिक्षक इथे आला तर त्याला आपण काय दाखवणार? आमच्या मते पुष्कळ काही. एकाच खोलीत तीन इयत्ता चालवणारी शिक्षिका. घरी तेलुगू, गल्लीत मराठी आणि शाळेत आणखी तिसरीच भाषा बोलणारी शहराच्या पूर्वभागातली मुलं. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या कन्नड माध्यमाच्या शाळा. स्थलांतरितांची मुलं वर्गात येऊ लागल्यामुळे पाश्चात्त्य देशांतले शिक्षक आज ज्या प्रश्नाशी झुंजताहेत, तो आपण पिढ्यानपिढ्या हाताळतो आहोत. फक्त त्यावर कधी लिहीत नाही. आणि अदलाबदलीला पासपोर्ट लागतोच असंही नाही. अक्कलकोटची शिक्षिका महिनाभर सीमेपलीकडे विजयपूर जिल्ह्यात आणि तिथली शिक्षिका इकडे, असं दोन जिल्हा प्रशासनांनी मनावर घेतलं तर पुढच्या जूनपासून करता येईल. वर्गही रिकामा राहणार नाही.

हे सुचवण्याचं एक व्यावहारिक कारणही आहे. परदेशी योजना परक्या राजकारणावर चालतात. जून 2025 मध्ये फुलब्राइटच्या अमेरिकेतल्या नियामक मंडळातल्या जवळजवळ सर्व सदस्यांनी सरकारी हस्तक्षेपाचा निषेध म्हणून राजीनामे दिले. ज्या स्काइपवरून आपल्यातल्या अनेकांनी पहिल्यांदा परदेशी वर्गाशी मुलांची गाठ घालून दिली, ते त्याआधीच्या महिन्यात बंद झालं. शिक्षकांनी अर्ज जरूर करावेत. यूएसआयईएफच्या संकेतस्थळावर पात्रतेचे तपशील आहेत, आणि इंग्रजीची भीती हे न भरलेल्या अर्जांचं सर्वांत मोठं कारण असावं, असा आमचा समज आहे. पण जिल्ह्याने आपली सगळी भिस्त त्यावर ठेवू नये.

या अंकापासून आम्ही दर महिन्याला दोन पानं राखून ठेवतो आहोत. दुसऱ्याच्या वर्गात किमान दोन आठवडे बसून आलेल्या कोणत्याही शिक्षकाने त्यावर लिहावं. तो वर्ग अमेरिकेतला असो, कुमठ्यातला असो की शेजारच्या केंद्रातला. सत्काराचे फोटो पाठवू नयेत. तिथे पाहिलेली एक गोष्ट आपल्या वर्गात करून पाहिल्यावर काय झालं, कुठे अडलं, मुलं काय म्हणाली, एवढं लिहावं. मजकूर हजार शब्दांच्या आत असावा आणि केंद्रप्रमुखांच्या शिफारशीची गरज नाही.