लेखणी आपल्याच खात्यातली आहे!



आमच्या साळखात्यातला एक बदलीवाला परवा पाळी सुटल्यावर आमच्याजवळ आला. सदऱ्याच्या आतून त्याने एक वही काढली. आजीने सांगितलेल्या गावाकडच्या गोष्टी आणि खोलीतल्या दहा-बारा गाळेकऱ्यांच्या हकिगती त्यात लिहिल्या होत्या. पण वही हातात देताना म्हणाला, "दादा, कुणाला दाखवू नका. माझं शिक्षण चौथी. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. लोक हसतील."

आम्ही हसलो नाही. आम्हाला राग आला. ही लाज आपल्याला शिकवली कुणी? लेखक म्हणजे कुणी शाई न सांडणारा, खुर्चीवरचा माणूस, असे आपण धरून बसलो आहोत. मग जरा आपला हजेरीपट काढून बघू या!

अण्णा भाऊ साठे. १९२० साली वाटेगावला मांगवाड्यात जन्म. शाळा म्हणाल तर दीड दिवसाची. आईबापाबरोबर पायी चालत मुंबई गाठली. हमाली केली, गिरणीत राबले, दुकानांच्या पाट्या वाचून अक्षर शिकले असे सांगतात. घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत बसून त्यांनी 'फकिरा' लिहिली. १९५९ साली ती छापली गेली, तिला राज्य सरकारचे बक्षीसही मिळाले. १९६१ साली हाच माणूस रशिया बघून आला आणि त्या प्रवासाचेही पुस्तक केले.

शाहीर अमर शेख. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. मोटारीवर क्लीनर होते, गिरणीत होते. १९४४ साली अण्णा भाऊ, गव्हाणकर आणि त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ह्याच गळ्यांनी मैदानेच्या मैदाने पेटवली. १ मे १९६० ला राज्य आले, त्यात कागदावरच्या ठरावांइतकाच डफाचा वाटा आहे.

नारायण सुर्वे. रस्त्यावर सापडलेले तान्हे पोर. गंगाराम सुर्वे ह्या गिरणीकामगाराने उचलून घरी आणले. त्यांनी आणि काशीबाईंनी स्वतःचे नाव दिले, पोटाला चिमटा घेऊन चौथीपर्यंत शिकवले. पुढे पोर एकटे पडले. घरगडी झाले, हॉटेलात कपबशा विसळल्या, गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले आणि मग मास्तर! १९६२ साली पहिला कवितासंग्रह आला. १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष कोण? तेच!

बाबुराव बागूल नाशिककडचे. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात वाढले, रेल्वेत नोकरी केली. जातीचा चटका कसा बसतो ते त्यांनी १९६३ साली गोष्टीत असे मांडले की मराठी कथेला घाम फुटला. आणि अलीकडचे जयंत पवार, लालबागच्या गिरणीकामगाराचे चिरंजीव. १९८२ च्या संपानंतर आपली घरे कशी मोडली ते त्यांनी 'अधांतर' नाटकात उभे केले. २०१२ साली त्यांच्या कथांना साहित्य अकादमीचा मान मिळाला.

कुणी हमाल, कुणी क्लीनर, कुणी शिपाई. वाटा निराळ्या, पण दाखला एकच : राबणाऱ्याच्या तोंडची बोली हीच मराठी.

आता आपलीही झाडाझडती घेऊ. आपण टाळ्या भरपूर वाजवल्या. पण पुस्तक किती जणांनी विकत घेतले? अण्णा भाऊंची अखेरची वर्षे ओढगस्तीत गेली. १९६९ च्या जुलैत ते गेले, ऑगस्टात अमर शेख अपघातात गेले. आज त्यांच्या तसबिरींना हार पडतात. हार घालणे सोपे आहे, दादा. जिवंतपणी विचारपूस करणे अवघड.

२०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद आहे. पण मुंबईच्या बहुतेक गिरण्या बंद पडल्या, चाळी पडून टॉवर उठले. जुनी माणसे एकेक करून जात आहेत, आणि त्यांच्याबरोबर न लिहिलेली गोष्ट जाते आहे. ती दुसरा कुणी लिहिणार नाही. लिहिलीच तर त्याच्या सोयीने लिहील!

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. प्रत्येक चाळीत, प्रत्येक खात्यात एक वही ठेवा. म्हाताऱ्यांना बोलते करा, त्यांचे शब्द आहेत तसे उतरवा. मावश्या-आत्यांच्या ओव्या विसरू नका. महिन्यातून एक वेळचा चहा-विडी वाचवून एक पुस्तक घ्या आणि खोलीत मोठ्याने वाचा. शुद्धलेखन दुरुस्त करणारा भेटेल. जगलेले दुसऱ्याकडून उसने मिळत नाही.

त्या बदलीवाल्याची वही आम्ही परत केली. वर एवढेच म्हटले, "पुढची पाने कधी देतोस?"

कामगार एकजुटीचा विजय असो! जय महाराष्ट्र!