पाठ दुखावलेली असताना नोकरीवर परतायचं का?

बाईच्या पाठीचं दुखणं उद्भवलं की घरची-दारची सगळी माणसं एका सुरात सांगतात, "नोकरी सोड आणि घरी आराम कर." यातले 'घरी' आणि 'आराम' हे दोन शब्द एकत्र कसे आले, ते मला आजवर उमगलेलं नाही!

परवा तळेगावच्या एका भगिनीनं हाच प्रश्न विचारला. तिच्या मणक्याला मार लागला आहे, ऑफिसातून बोलावणं आलं आहे आणि घरात मतभेद आहेत. "तुम्ही तर कोविडच्या दिवसांत हा निर्णय घेतलात, तेव्हा काय काय पाहिलंत?" असं तिनं विचारलं. म्हणून आज पाककृती बाजूला ठेवून हा हिशेब मांडते.

मी कामशेतजवळच्या एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. तासिका म्हणजे जितके तास, तितकेच पैसे. रजा नाही, हक्क नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये बसनं लोणावळ्याला परतताना अगदी शेवटच्या बाकावर जागा मिळाली. चाक खड्ड्यात आपटलं, मी उडाले आणि खाली आदळले ती पाठीत कळ घेऊनच. एक्स-रे काढला तेव्हा कमरेचा पहिला मणका पुढच्या बाजूनं चेपलेला दिसला. मागच्या बाकावर सर्वांत जास्त उसळी बसते, तेव्हा शक्यतो मधल्या बाकावर बसत जा. तीन महिने पट्टा, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

मार्चच्या २२ तारखेला लोकल थांबल्या, २५ पासून टाळेबंदी. भांडीवाल्या बाईंना येता येईना. कागदोपत्री मी घरी 'आराम' करत होते. प्रत्यक्षात तिन्ही त्रिकाळ घरात माणसं, तिन्ही त्रिकाळ भांडी, त्यात भाजी धुऊन वाळवण्याचं नवं काम. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. मावळात पत्रे उडाले, विजेचे खांब पडले, फुलशेतीची पॉलिहाऊसं फाटली. आमच्याकडे वीज नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे खालच्या टाकीतून पाणी वर. पंधरा लिटरची भरलेली बादली म्हणजे पंधरा किलो वजन. ह्यांनी बादल्या वर आणल्या, हे खरं. पण बादलीतून पिंपात ओतायला वाकावं लागलं मलाच!

जानेवारी २०२१ मध्ये मोठ्या बाईंचा फोन आला. पाचवी ते आठवीचे वर्ग २७ तारखेपासून सुरू होणार, येणार का? ह्यांची नोकरी हॉटेलातल्या हिशेबाची, पगार निम्म्यावर आलेला. मुलीची फी थकलेली. दुसऱ्या बाजूला सत्तरीच्या, मधुमेही सासूबाई घरात. लस अजून आमच्यापर्यंत आलीच नव्हती. माझ्या वयाच्या बायकांसाठी ती १ मे २०२१ ला खुली झाली.

पहिला प्रश्न डॉक्टरांना विचारायचा. नुसतं "जाऊ का?" असं नाही. दुखावलंय ते हाड, की आतला मज्जारज्जू? ह्यावर पुष्कळसं अवलंबून असतं. मानेजवळ किंवा छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जूला इजा असेल तर खोकण्याचे स्नायू दुबळे होतात, कफ बाहेर पडत नाही, मग श्वसनाचा कुठलाही आजार जास्त महागात पडतो. माझ्यासारखा कमरेचा चेपलेला मणका, नस शाबूत, असं असेल तर साथीचा धोका इतर बायकांइतकाच. प्रश्न उरतो तो बसण्याचा, उचलण्याचा आणि गचक्यांचा. मात्र पायांतला जोर कमी होऊ लागला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर नोकरीचा विचार राहू द्या, त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

दुसरा प्रश्न वाटेचा. लोणावळा, मळवली, कामशेत एवढाच लोकलचा प्रवास, पण ऑक्टोबर २०२० मध्ये गाड्या सुरू झाल्या त्या अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. शेअर रिक्षात दाटीवाटीनं बसायचं म्हणजे पाठीलाही गचके आणि साथीलाही आमंत्रण. आमच्यातल्या एका शिक्षिकेची गाडी होती. पेट्रोलचा वाटा देऊन, काचा उघड्या ठेवून जायचं ठरलं. तो वाटा वजा करून हातात काय उरतं, तेही मी आधी मांडून पाहिलं. फी निघत होती.

तिसरा प्रश्न मालकाला विचारायचा, आणि इथं आपली जीभ अडते. तासिकेवाल्या बाईला वाटतं, अटी घातल्या तर उद्या दुसरीला बोलावतील. वाटणं चूक नाही, तसं घडतंही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कामावरून काढता येत नाही, दुसरी योग्य जागा द्यावी लागते. पण हे कवच सरकारी कर्मचाऱ्यांना, आणि भरून आलेला मणका त्यात बसेलच असं नाही. माझ्या हातात होतं ते विचारणं. सलग दोनपेक्षा जास्त तास नकोत, टेकून बसता येईल अशी उंच खुर्ची हवी, वह्यांचे गठ्ठे मी उचलणार नाही, एवढंच मागितलं. खुर्ची आली, वह्या मुलं आणू लागली, तास मात्र सलग तीनच राहिले.

लोक अशा वेळी मोठ्यांचे दाखले देतात. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं नाव हटकून निघतं. कमरेखालचं शरीर लुळं पडूनही त्यांनी सेंट्रल एक्साइज खात्यात नोकरी केली, अपंगांसाठी संस्था उभी केली, 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन लिहिलं. जरूर वाचा. पण "त्या करतात, मग तुला काय होतंय?" म्हणून कोणी ते आपल्या अंगावर फेकलं, तर तितक्याच प्रेमानं परत करा!

आणि चौथा प्रश्न, जो बहुतेक घरांत विचारलाच जात नाही. ही नोकरीवर गेली तर घरातलं कोणतं काम तिच्या अंगावरून उतरणार? शाळेत मी उभी राहते, चालते, फळ्यावर लिहिते. फरशी पुसताना, सिलिंडर सरकवताना, बादलीतले ओले कपडे उपसताना मी पुढे वाकते, तेही वजनासकट. दुखावलेल्या मणक्याचं वैर ह्या दुसऱ्या कामांशी. मी हो म्हणण्याआधी कालनिर्णयशेजारी कागद चिकटवला. फरशी आणि सिलिंडर ह्यांच्याकडे, कपडे वाळत घालणं मुलीकडे, सासूबाईंचं ताट वेगळ्या खोलीत आणि मी घरी आल्यावर आंघोळ करूनच त्यांच्यासमोर. सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पोराला फडकं नीट पिळता येत नाही, त्याला आधी ते शिकव." हे बोलणं नोकरीवर रुजू होण्याआधीच करून घ्या. नंतर कोणी ऐकत नाही.

मी गेले. चार आठवडेही झाले नाहीत तोच फेब्रुवारीच्या शेवटी पुणे जिल्ह्यातल्या शाळा पुन्हा बंद झाल्या आणि मग ती दुसरी लाट आली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "एवढ्याशा दिवसांसाठी केवढा उपद्व्याप!" फीचा एक हप्ता भरला गेला होता, सासूबाई ठणठणीत होत्या आणि फरशी पुसायचं काम काही परत माझ्याकडे आलं नाही.

तळेगावच्या भगिनीला मी उलट विचारलं, ऑफिसात तुमची खुर्ची कशी आहे, आणि घरी पाणी कोण भरतं? खुर्चीचं तिनं लगेच सांगितलं. पाण्याचं घरी विचारून कळवते म्हणाली.