चंद्रावरचे इंधन आणि साधा गुणाकार

चंद्रावरून हीलियम-३ आणले की जगाची ऊर्जेची चिंता कायमची मिटेल, असे विधान अधूनमधून वाचावयास मिळते. २००८ साली चांद्रयान-१ निघाले तेव्हा ते ऐकू आले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ चंद्रावर उतरले तेव्हाही. या विधानामागील विज्ञान खरे आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. का, ते तुम्हीच पडताळून पाहा. त्यासाठी साधा गुणाकार-भागाकार पुरे आहे.

प्रथम विज्ञान पाहू. नेहमीच्या हीलियमच्या केंद्रकात दोन प्रोटॉन व दोन न्यूट्रॉन असतात. हीलियम-३ मध्ये एक न्यूट्रॉन कमी असतो. सूर्यापासून सतत वाहणाऱ्या सौरवातात हे अणू असतात. पृथ्वीला चुंबकीय क्षेत्राचे व वातावरणाचे कवच आहे, चंद्राला तसे नाही. म्हणून अब्जावधी वर्षे ते चंद्राच्या धुळीत रुतत आले आहेत. अपोलो यानांनी १९६९ ते १९७२ या काळात आणलेल्या मातीत ते सापडले. त्यांचा ड्यूटेरियमशी संयोग घडविला तर प्रचंड ऊर्जा मिळते आणि किरणोत्सर्गाचा उपद्रवही कमी होतो. म्हणून १९८६ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी चंद्रावर खाणकाम करण्याची कल्पना मांडली.

आता हिशेब करू. चंद्राच्या मातीच्या एक अब्ज भागांत हीलियम-३ चे सुमारे दहा भाग असतात. म्हणजे एक टन मातीत दहा मिलिग्रॅम, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढे! एक ग्रॅम हीलियम-३ पासून सुमारे १,६४,००० युनिट ऊर्जा मिळू शकते. तेव्हा टनभर मातीमागे झाली १,६४० युनिट. आपल्याकडचा साधारण दगडी कोळसा टनामागे सुमारे ४,५०० युनिट उष्णता देतो. शिवाय ती माती खणायची, सुमारे ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची आणि मिळालेला वायू पौणेचार लाख किलोमीटर वाहून आणायचा. तो वापरून वीज देणारी भट्टी तर अजून कोठेच नाही.

उलट, नंदुरबारच्या एक चौरस मीटर जमिनीवर दररोज सरासरी सुमारे ५ युनिट सौर ऊर्जा पडते. वर्षाची झाली १,८०० युनिट, म्हणजे टनभर चांद्रमातीपेक्षा थोडी अधिकच! सौरपट्टीने त्यातील एक पंचमांश हाती लागतो, हे खरे. पण माती एकदाच उपयोगी पडते. ऊन पुढच्या वर्षीही येते. सूर्य ही तर संमीलनाचीच भट्टी आहे, आणि तिचा माल घरपोच मिळतो.

रात्रीचे आणि पावसाळ्याचे काय, असे कोणी विचारील. शंका रास्त आहे. म्हणूनच वीज साठविण्याच्या युक्त्या आणि पृथ्वीवरील संमीलनाचे संशोधन, दोन्ही हवीत. आपल्या शेजारी गांधीनगरला १९८९ पासून ‘आदित्य’ या यंत्रावर असे संशोधन झाले आहे. पण धीर हवा. संमीलनाची ऊर्जा दोन दशकांत काबूत येईल, असे भाकीत डॉ. होमी भाभा यांनी १९५५ साली जिनीव्हा येथे केले होते. त्याला आता सत्तर वर्षे झाली.

आपल्या जिल्ह्याला हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. सातपुड्यातील अनेक पाड्यांनी विजेची फार वाट पाहिली. धडगाव तालुक्यातील बिलगावच्या लोकांनी २००३ साली श्रमदान करून धबधब्यावर १५ किलोवॅटचा वीजप्रकल्प उभा केला. पाणी किती आणि ते किती उंचीवरून पडते, हा हिशेब तेथे दारातल्या नदीवर मांडला गेला. २००६ साली सरदार सरोवराच्या पाण्यात तो प्रकल्प बुडाला. अशा गावांना चंद्रावरील इंधनाची वाट पाहावयास सांगणे मला योग्य वाटत नाही.

चंद्रावर अवश्य जावे, ते चंद्र जाणून घेण्यासाठी. तोवर तुम्ही शाळेच्या छपराचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये मोजा, त्याला १,८०० ने गुणा, पाचाने भागा आणि येणारा आकडा शाळेच्या वर्षभराच्या वीजबिलातील युनिटांशी ताडून पाहा.