सांधेदुखीचे खापर एकट्या चिकनगुनियावर नको



तापानंतर रेंगाळणारी सांधेदुखी चिकनगुनियाचीच, असे गेल्या अंकातील वाचकपत्रात ठासून म्हटले आहे. २००६ ची साथ पाहिलेल्यांना ते पटेल. पण ते अर्धसत्य आहे.

सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकांनी सांधे दुखू शकतात, स्नायूबंध सुजतात, क्वचित तुटतातही; टाचेमागच्या स्नायूबंधाला धोका अधिक. म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये या औषधांवर चौकटीतला इशारा छापायला लावला, तर युरोपने २०१९ मध्ये त्यांच्या वापरावर मर्यादा आणल्या. साठीपुढचे, स्टेरॉईड घेणारे आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांना जोखीम जास्त. दुखणे गोळ्या संपल्यावर काही महिन्यांनीही सुरू होऊ शकते.

साकोली परिसरात रोवणीच्या दिवसांत ताप अंगावर काढून, जुनी चिठ्ठी दाखवून याच गोळ्या घेतल्या जातात. चिकनगुनिया विषाणूंचा आजार. त्यावर प्रतिजैविक लागूच पडत नाही. म्हणजे फायदा शून्य आणि जोखीम पदरात.

क्षयरोगासारख्या आजारात मात्र ही औषधे जीव वाचवतात. त्रास नसताना चालू औषध मनाने तोडू नका; पण टाच, खांदा दुखू लागताच डॉक्टरांना गाठा आणि घेतलेल्या गोळ्यांची नावे सांगा. डॉक्टरांनीही ती आवर्जून विचारावीत.

— एक वाचक, साकोली (जि. भंडारा)