दारात आलेल्या उमेदवाराला काय विचाराल?

गेल्या आठवड्यात इशाच्या नमाजनंतर आमच्या इमारतीच्या जिन्यात एकच गर्दी झाली. महापालिकेच्या निवडणुकीला उभे असलेले एक उमेदवार दहा-बारा कार्यकर्त्यांना घेऊन आले होते. “काही काम असेल तर बिनधास्त सांगा,” ते म्हणाले. तळमजल्यावरच्या भाईंनी गेट रंगवून मागितले. दुसऱ्या मजल्यावरून जिन्याला लादी बसवून द्या, अशी मागणी आली. कोणी सोसायटीसाठी खुर्च्या मागितल्या. उमेदवार सगळ्यांना ‘हो’ म्हणत गेले आणि एक कार्यकर्ता वहीत टिपून घेत गेला.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या खाला पुढे झाल्या. “बेटा, आमच्याकडे पाणी रात्री दोनला येतं. माझी सून रोज दोनला उठते, पाणी भरते आणि सकाळी सहाची लोकल पकडते. हे कधी थांबणार?”

उमेदवार जरा घुटमळले. “बघतो, खाला,” म्हणाले. वहीत मात्र काही लिहिले गेले नाही.

ती कोरी राहिलेली ओळ आमच्या मनातून जात नाही. गेट रंगवायला पैसे आपल्यालाही जमवता येतात. खालांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र फक्त महापालिकाच देऊ शकते. तरी आपण गेटच मागतो, आणि मागू तेच मिळते.

आम्ही मुंब्रा-कौसा भागात राहतो. कोकणी मुसलमानांच्या जुन्या वस्तीभोवती १९९२-९३ च्या मुंबईतल्या दंगलींनंतर हजारो कुटुंबे येऊन राहिली. आधी माणसे आली, मग घाईघाईने इमारती उभ्या राहिल्या. पाणी, गटारे, शाळा आणि दवाखाने मागेच राहिले. झपाट्याने वाढलेल्या बहुतेक उपनगरांची कहाणी अशीच आहे.

राज्यातल्या २९ महानगरपालिकांसाठी मतदानाची तारीख १५ जानेवारी २०२६ ठरली होती. ठाण्यात याआधीची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली होती. मार्च २०२२ मध्ये त्या नगरसेवकांची मुदत संपली आणि तेव्हापासून या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकांकडे होता. म्हणजे जवळपास चार वर्षे आपल्या वस्तीच्या वतीने महासभेत उभे राहून विचारणारे कोणीच नव्हते. म्हणून या वेळी कोणाला पाठवायचे याइतकेच, त्याला काय सांगून पाठवायचे हे महत्त्वाचे आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. नगरसेवकाच्या हातात सगळे नसते. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळच्या वळणावर लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी खाली पडून दगावले. त्या जखमा ताज्या आहेत. पण लोकलच्या फेऱ्या वाढवणे महापालिकेचे काम नाही, रेल्वेचे आहे. जो उमेदवार लोकल वाढवण्याची हमी देतो, त्याला एवढेच विचारावे, “स्टेशनपर्यंतचा रस्ता आणि फूटपाथ तरी मोकळा करून द्याल का?” ते त्याच्या हातात आहे.

मग महापालिकेकडून मागायचे काय? आमच्या मते चार गोष्टी.

पहिली, पाणी. मुंब्रा, कळवा, दिवा या भागांना एमआयडीसीकडून पाणी मिळते. आपल्या भागाचा वाटा वाढवून घेण्यासाठी काय करणार, नव्या टाक्या आणि जलवाहिन्या कुठे टाकणार, अंदाजपत्रकात त्यासाठी किती तरतूद मागणार, हे विचारावे. ‘पाणी आणू’ हे उत्तर पुरेसे नाही.

दुसरी, डोक्यावरचे छप्पर. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. त्यात लहान मुलेही होती. त्या प्रकरणात अटक झालेल्यांमध्ये एक नगरसेवक आणि महापालिकेचे एक उपायुक्तही होते. आमच्या ओळखीतली कितीतरी घरे अशी आहेत की हयातभराची बचत घालून घेतली, मालमत्ता कर वेळेवर भरला जातो, पण इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नाही. पावसाळ्यात भिंतीला चीर दिसली की रात्रभर झोप नाही. उमेदवाराला विचारा: धोकादायक इमारतींची तपासणी कशी करून घेणार? घर रिकामे करायला लावले तर लोकांनी जायचे कुठे? समूह विकास योजनेत भाडेकरूचे काय होणार? आणि नवे बेकायदा बांधकाम उभे राहताना दिसले तर तुम्ही बोलणार की गप्प बसणार?

तिसरी, मुलींचे शिक्षण. पालिकेची शाळा प्राथमिकपर्यंत असते आणि पुढची शाळा लांब पडते. मग मुलगी घरीच राहते. आपण म्हणतो, जमाना खराब आहे. खरे तर रस्त्यावर दिवा नाही, बस नाही आणि जवळ शाळा नाही. जवळ आठवीच्या पुढचे वर्ग आणि अभ्यासिका मिळाली तर कितीतरी मुली शिकतील.

चौथी, मोकळ्या जागा. शहराच्या विकास आराखड्यात मैदान, दवाखाना, शाळा, कब्रस्तान यांसाठी भूखंड राखून ठेवलेले असतात. आपल्या प्रभागातले असे भूखंड कोणते, त्यांतले किती ताब्यात आहेत आणि किती गिळले गेले, हे उमेदवाराला माहीत आहे का? माहीत नसेल तर त्याने अभ्यास करून पुन्हा यावे.

आणखी एक गोष्ट. ठाण्यात बहुतेक प्रभागांतून चार नगरसेवक निवडले जातात. अ, ब, क आणि ड अशा चारही जागांसाठी आपल्याला मत द्यायचे असते. निम्म्या जागा महिलांच्या आहेत. महिला उमेदवाराच्या वतीने तिचे पती किंवा दीरच बोलत असतील, तर आपल्या घरातल्या बायकांनी पुढे होऊन म्हणावे, “आपा, तुम्ही बोला.” रात्री दोनच्या पाण्याचे दुःख तिला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

मत ही अमानत आहे, हे आपण मिंबरवरून अनेकदा ऐकले आहे. अमानत गेटच्या रंगावर किंवा बिर्याणीच्या डब्यावर देऊन टाकायची नसते. मतासाठी काही देणे आणि घेणे, दोन्ही कायद्याने गुन्हाही आहे. अमुक आपल्या बिरादरीचा, तमुक आपल्या गावचा, एवढ्यावरही ती देऊ नये. आणि मत दिले की अमानत फिटली असेही नाही. निवडून आलेल्याने महासभेत वर्षभरात काय मांडले, हे विचारत राहणे आपल्याकडेच येते.

या आठवड्यात जेवताना घरातल्या सगळ्यांनी मिळून एक कागद लिहावा. सुनेलाही विचारावे, दहावीतल्या मुलीलाही आणि जिना उतरता न येणाऱ्या दादीलाही. चार-पाच ओळी पुरेत. उमेदवार दारात आला की चहा जरूर पाजावा, आणि तो कागद त्याच्या हातात द्यावा. एक प्रत आपल्याकडे ठेवावी.

आमच्या इमारतीतला असा कागद तयार झाला आहे. पहिली ओळ खालांच्या सुनेने लिहिली आहे. गेटचा रंग कागदावर नाही. त्यासाठी आम्ही वर्गणी काढली आहे.